घुमाऱ्याच्या उगमाकडे

मास्टरिंगच्या खोलीत तुम्ही मागच्या सोफ्यावर बसला आहात. समोर दोन भलेमोठे स्पीकर, मधल्या पडद्यावर तुमचं गाणं: एक डावा चॅनेल, एक उजवा, बाकी काही नाही. घरी हेडफोनवर गिटार किती देखणी वाजत होती! तुम्ही तिला साडेतीन सेकंदांचा 'हॉल' रिव्हर्ब दिला होता आणि त्यात ती ऐसपैस पसरली होती. इथे पहिला अंतरा येईपर्यंत गिटार कुठे संपते आणि तिचं धुकं कुठे सुरू होतं, तेच कळेनासं झालं आहे. गायिकेचे निम्मे शब्द त्यात बुडाले आहेत.

"गिटारवरचा रिव्हर्ब जरा कमी करता येईल का?" तुम्ही विचारता.

"येईल की," खुर्चीतल्या मॅडम म्हणतात. "पण यात गिटार कुठाय?"

प्रश्न रास्त आहे. फाइल स्टिरिओ आहे. गिटार, गळा, ड्रम, बास सगळं एकत्र शिजून आलेलं. तरी त्या तुमच्यासाठी प्रयत्न करून बघतात. आधी लिमिटर, कारण गाणं इतरांच्या गाण्यांइतकं दणदणीत वाजायला हवं ही अट तुमचीच. लिमिटर ठोक्यांची, छेडीची टोकं दाबतो आणि मग सगळंच वर उचलतो. घुमाऱ्याला टोक नसतंच, त्यामुळे त्याला कोणी दाबत नाही, नुसतं उचलतात. टोकं सहा डेसिबलने दाबली गेली की घुमारा सहा डेसिबलने वर येतो. घरी बेताचा वाटलेला रिव्हर्ब इथे दामदुप्पट होतो, तो असा.

मग त्या मधला आवाज आणि बाजूंचा आवाज वेगळे करतात. घुमारा बहुतेक बाजूंना पसरलेला असतो, म्हणून तिथला २५० ते ४०० हर्ट्झचा पट्टा दोन डेसिबल खाली. धुकं थोडं विरळ होतं; पण डावी-उजवीकडे ठेवलेल्या तुमच्या दोन्ही गिटारीही तिथेच राहायला असतात, त्या रोडावतात. शेवटी रिव्हर्ब काढणारं सॉफ्टवेअर. ते प्रत्येक सुराचा विझत जाणारा भाग हुडकून कापतं. शेपटी जाते, तिच्यासोबत सिंबलची विरत जाणारी चमक जाते, गायिकेच्या श्वासाच्या कडा जातात, आणि उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडू लागतो.

"हे इथे सुटायचं नाही," मॅडम म्हणतात. "मागे जा." आणि त्या फाइल उलटी लावतात.

शेवटच्या कॉर्डची शेपटी आता आधी येते, अगदी बारीक. मग ती फुगत फुगत वर चढते आणि तारेवर पिक पडला त्या क्षणावर येऊन धाडकन आपटते. तिच्यासोबत तुम्हीही.

वाटेत १९७६ लागतं. एका स्टुडिओत लाल रंगाचं, वरून लिव्हर निघालेलं यंत्र उभं आहे: ईएमटी २५०, बॅरी ब्लेसरच्या गणितावर चालणारा, बाजारात आलेला पहिला डिजिटल रिव्हर्ब. तुमच्या लॅपटॉपमधल्या प्लगइनचा हा आजोबा. त्याच्यावर घुमारा किती सेकंदांचा याचा एक लिव्हर आहे, आणि खालच्या सुरांचा किती, वरच्या सुरांचा किती, यांचे वेगळे. 'साडेतीन सेकंद' हा एकटा आकडा पुरत नाही, हे तेव्हाच्या माणसांना ठाऊक होतं. तुमच्या प्लगइनवरही ती दोन बटनं आहेत. तुम्ही त्यांना कधी हात लावला नाही.

थांबायला वेळ नाही. पुढचा घाव पडतो आणि तुम्ही लंडनमध्ये उतरता.

१९६६ साल, ॲबी रोड, घर क्रमांक ३. स्टुडिओचं नाव अजून ईएमआय आहे. रस्त्याचं नाव त्याला लागायला काही वर्षं जायची आहेत. दोन नंबरच्या स्टुडिओचं उंच छत, आणि वरच्या मजल्यावर काचेआड कंट्रोल रूम. खाली कोणीतरी इलेक्ट्रिक गिटारवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवतं आहे. वर पांढऱ्या कोटातला तंत्रज्ञ मिक्सरवरचा एक नॉब किंचित फिरवतो, आणि गिटारच्या आवाजाला दोन वाटा फुटतात. एक थेट टेपकडे जाते, कोरडी. दुसरी तारेतून इमारतीतल्या एका वेगळ्या खोलीकडे.

तुम्ही दुसऱ्या वाटेने जाता. खोलीचं दार लोटताच तुमच्या पावलांचाच आवाज चहूबाजूंनी परत येतो. टणक भिंती, एका बाजूला स्पीकर, दुसरीकडे माइक, आणि मध्ये सांडपाण्याचे चकचकीत चिनीमातीचे पाइप उभे करून ठेवलेले. ही अडगळ नव्हे. आवाज समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये टप्पे खात राहिला, तर घुमाऱ्याला फडफड येते. पाइपांच्या गोलाईवर आदळून तो फुटतो, विखुरतो, आणि शेपटी सलग होते.

आता गिटार येईल म्हणून तुम्ही कान टवकारता, आणि स्पीकरमधून जे येतं ते ऐकून चमकता. गिटार अर्धीच आहे. खर्ज नाही, अंग नाही. तारांचा मधला-वरचा खणखणाट तेवढा, आणि त्यातलीही अगदी टोकाची सळसळ गायब.

कंट्रोल रूममधल्या माणसांनी वाटेवर गाळणी बसवली आहे: ६०० हर्ट्झच्या खालचं आणि १० हजार हर्ट्झच्या वरचं घुमाऱ्याकडे जाऊच द्यायचं नाही. ६०० हा आकडा पहिल्यांदा ऐकताना अघोरी वाटतो. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ८२ हर्ट्झ, सर्वांत बारीक ३३०. म्हणजे सहाही मोकळ्या तारांचे मूळ सूर गाळणीच्या खालीच राहिले! खोलीत पोचतात ते त्यांचे हार्मोनिक्स आणि पिकचा घाव. पण खर्ज हरवलेला नाही. कोरड्या वाटेने तो टेपवर पोचतोच आहे. त्याला फक्त लांबवलेलं नाही.

तुमच्या मिक्समध्ये नेमकं उलटं झालं होतं. ८० ते ४०० हर्ट्झच्या त्या अरुंद गल्लीत बास आहे, किक ड्रम आहे, गायिकेच्या आवाजाचं वजन आहे. कोरडी गिटार तिथून अर्ध्या सेकंदात निघून गेली असती. तुम्ही तिला साडेतीन सेकंद बसवून ठेवलं, त्यामुळे पुढची कॉर्ड आली तेव्हा आधीची उठलेली नव्हती. ए मायनरची शेपटी एफ मेजरच्या अंगावर, त्या दोघींची जी मेजरच्या अंगावर. धुकं म्हणता ते हेच.

शेजारी ईएमटी १४० उभं आहे, १९५७ साली जर्मनीत निघालेलं. लांबलचक पेटीच्या आत पोलादाचा पत्रा टांगलेला, सुमारे दोन मीटर बाय एक मीटर, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. आणि सगळं यंत्र मात्र २७० किलोच्या आसपास. एका ठिकाणी पत्र्याला कंप देतात, दुसऱ्या ठिकाणी तो ऐकतात. पत्र्याचा खर्ज लवकर विझत नाही, म्हणून गाळणी याच्याही वाटेवर आहेच. शिवाय पत्र्याजवळ एक शोषक फळी आणता येते. ती जसजशी जवळ येते तसा घुमारा पाचेक सेकंदांवरून सेकंदाच्या आसपास उतरतो. इथे कोणी 'हॉल' की 'प्लेट' असं नाव निवडत बसत नाही. किती वेळ आणि कुठले सूर, एवढंच विचारतं.

तिसरी युक्ती टेपची. घुमाऱ्याकडे निघालेला आवाज आधी एका टेप मशीनमधून फिरवून आणायचा. टेप सेकंदाला १५ इंच पळते. नोंदवणारं हेड आणि वाचणारं हेड यांत दीड इंच अंतर असेल, तर आवाज शंभर मिलिसेकंद उशिरा खोलीत शिरतो. तेवढ्या अवधीत पिकचा घाव कोराकरकरीत कानावर पडून गेलेला असतो. गिटार जवळ वाटते आणि खोली मोठी. तुमच्या प्लगइनवर या उशिराला प्रीडिले म्हणतात. तुम्ही तो शून्यावर ठेवला होता. गिटार तिच्या मागच्या भिंतीला चिकटून वाजत राहिली. आणि ती दूर वाटते म्हणून तुम्ही तिचा फेडर वर केला, त्यासरशी रिव्हर्बही वर गेला.

तिथल्या तिथे हिशोब करा. तुमचं गाणं मिनिटाला ९० ठोक्यांचं आहे. एक ठोका ६६७ मिलिसेकंदांचा, त्याचा सोळावा भाग ४२. प्रीडिले तिथून सुरू करून कानाने मागेपुढे करा. शेपटी दोन ठोक्यांत, म्हणजे १.३ सेकंदांच्या आसपास विझू द्या. रिव्हर्ब गिटारच्या चॅनेलवर नको, त्याचा स्वतःचा चॅनेल हवा, म्हणजे गाळणी त्याच्या एकट्याच्या वाटेवर बसवता येते. ६०० जड वाटलं तर ३०० पासून वर चढत जा. बास आणि गिटार वेगळ्या ऐकू यायला लागल्या की थांबा. गायिकेचे शब्द २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात उलगडतात, तिथे रिव्हर्बच्या चॅनेलला दोन-तीन डेसिबलचा खळगा द्या.

एक सोय तुमच्या काळाची. रिव्हर्बच्या चॅनेलवर कॉम्प्रेसर लावा आणि त्याचा साइडचेन कोरड्या गिटारला जोडा. गिटार वाजत असताना घुमारा तीन-चार डेसिबल दबून राहतो, ओळ संपली की मोकळा होतो. ऐकणाऱ्याला रिव्हर्ब भरपूर असल्याचा भास होतो, कारण जिथे जागा आहे तिथेच तो त्याला भेटतो.

शेपटी पुन्हा फुगू लागते. आणखी एक घाव.

ऊन. डोळे दिपवणारं, कोरडं. १९५८, ॲरिझोनातलं फिनिक्स शहर. ऑडिओ रेकॉर्डर्स नावाच्या स्टुडिओबाहेर, गाड्या लावायच्या जागेत, पाण्याची एक रिकामी टाकी आणून ठेवली आहे. दोन हजार गॅलनची, म्हणजे साडेसात हजार लिटरची. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक, आणि दोन्हींच्या तारा स्टुडिओत गेलेल्या. निर्माता ली हेझलवुडला खास बांधलेली इको चेंबर परवडण्यासारखी नव्हती. त्याने एकेका टाकीत तोंड घालून ओरडून पाहिलं आणि मनासारखी घुमणारी टाकी उचलून आणली, असं सांगतात.

आत विशीच्या उंबरठ्यावरचा ड्युएन एडी ग्रेच गिटार घेऊन बसला आहे. तो 'रेबेल राउझर' वाजवतो आहे, जे याच वर्षी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढणार आहे. टाकीला कान लावा. जुन्या दगडी देवळाच्या गाभाऱ्यात घंटेचा टोल जसा घरंगळत राहतो तसा प्रत्येक सूर आत घरंगळतो, फक्त त्याला लोखंडाची धार आहे. टाकीवर पक्षी येऊन बसले आणि चिवचिवू लागले, की कोणाला तरी बाहेर येऊन त्यांना हाकलावं लागतं. माइकला पक्षी आणि गिटार सारखेच.

आणि इथे तुमची गोची होते. एडी धून वाजवतो आहे ती गिटारच्या जाड तारांवर. नेमक्या त्याच सुरांना, जे लंडनमध्ये गाळून टाकले होते, इथे टाकीभर घुमारा मिळतो आहे. तरीही चिखल नाही. का?

नीट ऐका. तो कॉर्ड वाजवत नाही, एका वेळी एकच सूर वाजवतो. दोन सुरांमध्ये जागा सोडतो. शब्द म्हणणारा गायक नाहीच. साथीची वाद्यं थोडी आणि आपापल्या जागी. गिटारच्या शेपटीसाठी या गाण्यात अंगण राखून ठेवलेलं आहे. तेव्हा ६०० हर्ट्झची गाळणी हा काही धर्मग्रंथातला नियम नव्हे. घुमारा जिथे पसरणार आहे तिथे आणखी कोण उभं आहे, हे आधी बघायचं. तुमच्या गाण्यात गिटार अख्ख्या अंतऱ्यात सहाही तारा आठ-आठ वेळा झोडपते आहे. कदाचित प्लगइनऐवजी उजव्या हातालाच आवर घालायला हवा: अंतऱ्यात दोनच तारांचे तुकडे, आणि झोडपणं ध्रुवपदासाठी.

फिनिक्सची दुसरी शिकवण कडक आहे. टाकीचा घुमारा गिटारसोबत टेपवर बसला की बसला. उद्या मन पालटलं तरी टाकी वेगळी काढता येत नाही. हेझलवुडला ते माहीत होतं आणि त्याने निर्णय आधी घेतला. तुम्ही मात्र नकळत घेतलात. १९६१ मध्ये फेंडरने गिटारवाल्यांसाठी स्प्रिंग रिव्हर्बचा स्वतंत्र डबा काढला, १९६३ पासून तो त्यांच्या ॲम्प्लिफायरच्या पोटातच येऊ लागला. तुमच्या ॲम्पमध्येही अशीच स्प्रिंग आहे, आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी तिचा नॉब चारवर होता. त्यावर तुम्ही हॉल चढवलात. एका गिटारला दोन घरं, आणि त्या घरांच्या भिंती एकमेकांना छेदणाऱ्या.

पुढच्या वेळी स्प्रिंगचा नॉब शून्यावर ठेवा. स्प्रिंगशिवाय वाजवताच येत नसेल, तर ॲम्पच्या माइकसोबत डीआय बॉक्समधून गिटारचा थेट सिग्नलही नोंदवून ठेवा. मन बदललं तर तो कोरडा सिग्नल पुन्हा ॲम्पमधून वाजवून नव्याने रेकॉर्ड करता येतो. आणि जे आधीच ओलं होऊन आलं आहे त्याचं काय? त्याला दुसरा रिव्हर्ब देऊ नका. ट्रान्झिएंट शेपरने छेडीचा घाव थोडा उचला आणि मागचा रेंगाळ थोडा खाली आणा. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत आवाज हाताने, ऑटोमेशनने, ओढून घ्या. गायिका जिथे ओळ उचलते त्याच्या जरा आधी शेपटी संपलेली असू द्या. काम कंटाळवाणं आहे, पण मास्टरिंगमधल्या कुठल्याही जादूपेक्षा पक्कं.

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल की प्रत्येक मुक्कामावर तुम्हाला आणखी एक पायरी मागे ढकललं जातं आहे. मास्टरिंगमध्ये न सुटलेलं मिक्समध्ये सुटतं, मिक्समध्ये न सुटलेलं रेकॉर्डिंगमध्ये. रिव्हर्बला त्याच्या मागून जाऊन पकडता येत नाही. तो जिथून निघतो त्याच्या अलीकडे उभं राहावं लागतं.

१९४७चं शिकागो खिडकीतून दिसतं तसं दिसून जातं: बिल पटनम नावाचा अभियंता हार्मोनिकॅट्स या त्रिकुटाच्या माउथ ऑर्गनला घुमारा द्यायला स्टुडिओतल्या बाथरूमचा उपयोग करतो आहे. फरशा, स्पीकर, माइक. रेकॉर्डवर मुद्दाम, चवीसाठी, घुमारा मिसळायची ही अगदी सुरुवातीची उदाहरणं.

त्याहून मागे गेलात की यंत्रं संपतात. टेक्सासमधलं सॅन अँटोनिओ, गंटर हॉटेल, खोली क्रमांक ४१४. तारीख २३ नोव्हेंबर १९३६. पंचविशीतला रॉबर्ट जॉन्सन अकूस्टिक गिटार घेऊन बसला आहे, भिंतीकडे तोंड करून. ध्वनिमुद्रण करवून घेणारा डॉन लॉ पुढे सांगत असे की पोरगा लाजाळू होता. गिटारवादक राय कूडरने नंतर वेगळाच तर्क मांडला: कोपऱ्याकडे तोंड केलं की भिंती आवाजाचा मधला पट्टा उचलून परत देतात, आणि जॉन्सनला तोच आवाज हवा होता. खरं काहीही असो, या खोलीत रिव्हर्ब पाठवायला दुसरी वाट नाही. आवाज थेट तबकडीवर कोरला जातो आहे. मिक्सिंग आणि मास्टरिंग या क्षणी एकच आहेत, आणि दोन्हींचा अर्थ एवढाच की खुर्ची कुठे ठेवायची.

तेव्हा तुम्हीही खुर्ची हलवून बघा. माइक गिटारपासून ६० सेंटिमीटरवर असेल आणि तुम्ही तो ३० वर आणलात, तर गिटारचा थेट आवाज सहा डेसिबल वाढतो. खोलीतून फिरून येणारा जवळजवळ होता तेवढाच राहतो. सहा डेसिबल हा आकडा ओळखीचा वाटतो ना? मास्टरिंगच्या लिमिटरने जेवढा घुमारा वर आणला होता, तेवढा इथे माइक फूटभर सरकवून खाली जातो, फुकट. माइकचं तोंड बाराव्या पडद्याकडे ठेवा, गिटारच्या भोकाकडे नको. तिथला खर्ज फुगीर असतो. आणि एका दिशेने ऐकणारा माइक असेल तर वीतभरापेक्षा जवळ नेऊ नका, तो स्वतःच खर्ज वाढवायला लागतो.

भिंतीचाही हिशोब आहे. माइकच्या मागे ३० सेंटिमीटरवर भिंत असेल, तर भिंतीवरून परतणारा आवाज ६० सेंटिमीटर जास्त चालून, पावणेदोन मिलिसेकंद उशिरा येतो. मूळ आणि परतलेला आवाज २८५ हर्ट्झच्या आसपास एकमेकांना खोडतात आणि तिथे खड्डा पडतो. पुढे आणखी खड्डे. गिटार डब्यात बसून वाजवल्यासारखी येते. तुम्ही त्याला रिव्हर्बचा दोष समजता आणि इक्वलायझरने तो खड्डा भरत बसता. खोडलेलं भरून निघत नाही. माइक आणि खुर्ची भिंतीपासून मीटर-दीड मीटर पुढे खेचली की काम झालं.

अजून एक पायरी उरली आहे, कारण खुर्ची सरकवूनही खोली ती खोलीच राहते.

रात्रीचे दोन वाजले आहेत. १८९५ साली बॉस्टनशेजारच्या केंब्रिज गावात हार्वर्ड विद्यापीठाने फॉग कलासंग्रहालय बांधलं, आणि तुम्ही त्याच्याच व्याख्यानगृहात उभे आहात. इमारत कोरी करकरीत, पण सभागृह निकामी. वक्त्याने उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद हवेत राहतो, तोवर पुढचे दहा-बारा शब्द त्याच्या अंगावर येऊन पडतात. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे काम भौतिकशास्त्राच्या एका तरुण शिक्षकाकडे सोपवलं आहे, वॉलेस सेबाइनकडे. वय सत्तावीसच्या आसपास.

सेबाइन रात्री काम करतो, कारण दिवसा बाहेर रहदारी असते. एक ऑर्गनचा पाइप, ५१२ कंपनांचा. वेळ मोजायचं यंत्र. आणि त्याचे स्वतःचे कान. पाइप फुंकला जातो, थांबतो, आणि सूर ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ तो मोजतो. मग जवळच्या सँडर्स थिएटरमधून आणलेल्या खुर्च्यांच्या गाद्या आत येतात. थोड्या मांडायच्या, पाइप, मोजणी. आणखी थोड्या, पुन्हा पाइप, पुन्हा मोजणी. गाद्या वाढतात तसा घुमारा आखडत जातो. बाकांवर, बोळांमध्ये, मंचावर, मागच्या भिंतीला अशा सगळीकडे गाद्या लागल्या की साडेपाच सेकंदांचे एक-सव्वा सेकंद होतात. आपल्या अंगावरच्या कपड्यांनीही मोजणी बदलते, हे कळल्यावर त्याने प्रयोगाला कायम ठरलेला पोशाख घालायचा नेम केला. सकाळच्या आत सगळ्या गाद्या थिएटरात परत जायला हव्यात.

या ढोरमेहनतीतून १८९८ मध्ये त्याला सूत्र सापडलं, आणि १९०० साली उघडलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल त्यावर बेतला गेला. सूत्र आजही चालतं: खोलीचं घनफळ घ्या, ०.१६१ ने गुणा, खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. उत्तर सेकंदांत येतं. आवाज साठ डेसिबल खाली जायला लागणारा तो काळ. तुमच्या प्लगइनवरचा 'साडेतीन सेकंद' हा आकडा याच माणसाचा आहे.

खिशातून फोन काढा आणि गणित मांडा. तीन बाय चार मीटरची खोली, छत २.८ मीटरवर: ३३.६ घनमीटर. ०.१६१ ने गुणलं की ५.४. गिटार रेकॉर्ड करायला ०.३ सेकंद हवे असतील, तर ५.४ भागिले ०.३, म्हणजे १८. आवाज पूर्ण गिळणारा असा १८ चौरस मीटरचा ऐवज खोलीत हवा. उघडं प्लास्टर आणि फरशी मिळून जेमतेम दोन देतात. म्हणूनच रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की ती पावणेतीन सेकंद रेंगाळते, आणि त्या रेंगाळण्याला तुम्ही 'नैसर्गिक ॲम्बियन्स' म्हणून रेकॉर्ड करता.

उरलेले सोळा जमवायचे आहेत. पातळ पडदे आणि चादरी यांनी फसू नका. त्या वरची चमक तेवढी खातात, खर्ज तसाच ठेवतात, आणि खोली बोदी होते. जाडी हवी. दहा सेंटिमीटर जाडीचं रॉकवूल कापडात गुंडाळून भिंतीपासून थोडं पुढे लावलं, तर मधल्या आणि वरच्या पट्ट्यात दर चौरस मीटरमागे जवळपास पूर्ण चौरस मीटर पदरात पडतो. पुस्तकांनी भरलेली कपाटं, कापसाच्या गाद्या, घडी घातलेल्या रजया हातभार लावतात. छोट्या खोलीत अगदी खालच्या खर्जाला हे सूत्र नीट लागू पडत नाही. तो कोपऱ्यांत साचतो, म्हणून सर्वांत जाड थर कोपऱ्यांत लावा.

आणि सगळं आधी विकत घ्यायला हवं असंही नाही. पलंगावरच्या दोन गाद्या उचलून गिटारच्या मागे आणि बाजूला उभ्या करा, माइक ३० सेंटिमीटरवर, स्प्रिंग शून्यावर, डीआय सोबतीला. मग घुमारा हवा तेवढा, हवा तिथे, गाळून द्या. सेबाइनला पहाटेच्या आत गाद्या थिएटरात पोचवाव्या लागत होत्या. तुमच्या गाद्या तुमच्याच आहेत. झोपायच्या आधी चार टेक सहज होतील.